तुझे कोन, माझं घड्याळ

व्यंकटेश, तुझ्या पत्राला उत्तर आलं रे. पाच वर्षांनी आलं, आणि तुला जाऊन सोळा दिवस झाल्यावर आलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तुला तर त्यांनी पाच वर्षं वाट बघायला लावली आणि वर गाठ चुकवलीच. आज सकाळी अकराच्या सुमारास कचेरीत टपालाच्या थप्पीतून तो लांबट लिफाफा हाताला लागला. आत दुसरा लिफाफा, त्यावर लाख. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्यंकटेश, आलं बघ!" शेजारच्या टेबलावरच्यांनी वर पाहिलं. मी मान खाली घालून लाख फोडत बसलो.

त्यात काय लिहिलंय ते सांगतो. खरं म्हणजे गोपनीय कागद तुला दाखवायचा नाही असा नियम आहे, आणि त्या नियमाखातर मी पाच वर्षं तुझ्यापुढं मिठाची गुळणी धरून बसलो. पण मयत माणसाला गोपनीय कागद दाखवू नये, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मला सापडलं नाही. मी शोधलं, बरं का. दुपारचा डबा सोडून शोधलं. तेव्हा आज सगळं सांगणार आहे, आणि माझ्या पद्धतीनं सांगणार आहे. तू म्हणायचास, "दिगूकडं पाणी मागितलं तर तो आधी उजनीचं धरण कुठवर आलं ते सांगतो." चालू दे आता. तुला कुठं जायची घाई आहे?

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात अख्खं सोलापूर वर बघत होतं, पण ढगासाठी. आपण दोघं गच्चीवर होतो ते सुतापायी. तू हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलास तरी घरचे माग थांबले नव्हते, आणि रंगवलेल्या सुताच्या लडी वर दोरीवर वाळत असायच्या. कचेरी सुटली की मी सायकल तुझ्या दारात लावायचो आणि तू मला त्या लडी उतरवायला जुंपायचास. एका बाकावर बसून मॅट्रिक झालेल्या मित्राला असा बिनपगारी गडी करून ठेवणारा तूच. वहिनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवायच्या म्हणून मी येत होतो, उगीच मैत्रीबित्री समजू नकोस.

"दिगू, ते बघ," तू म्हणालास.

"घार असेल."

"घार अशी एका जागी उभी राहते व्हय रे?"

सूर्य बुडाला होता. गल्लीत दिवे लागायला लागले होते. अक्कलकोटच्या बाजूला, चांगलं उंच, एक पांढरं काहीतरी होतं. खालचं आकाश काळवंडत चाललेलं आणि ते मात्र लख्ख. आवाज नाही, हालचाल नाही. तुझ्या आई, अम्मा, वर आल्या. "एंदिदी? काय हाय ते?" म्हणत त्यांनी डोळ्यांवर हात धरला, पण त्यांना मोतीबिंदू, त्यांना काय दिसणार! "कुटं हाय? मला तर काय दिसना," म्हणाल्या, लडी वाळल्या का ते चाचपून बघितलं आणि खाली गेल्या.

तू मात्र दोन दोन पायऱ्या सोडत खाली पळालास आणि फळ्यावर वापरायचं ते मोठं लाकडी कोनमापक घेऊन वर आलास. त्याच्या मधल्या भोकातून एक दोरा ओवलास, दोऱ्याला मागावरची कांडी बांधलीस, झालं तुझं यंत्र तयार. कोनमापकाची कड त्या वस्तूच्या रोखानं धरायची आणि दोरा कुठल्या अंशावर लोंबतो ते बघायचं. "घड्याळ काढ," मला म्हणालास, "आणि दर पाच मिनिटांनी ओरड." मी ओरडत राहिलो, तू अंश वाचत राहिलास. पस्तीस मिनिटं. तेवढ्यात ते जरासं पश्चिमेला सरकलं असेल. मग ते विझत्या निखाऱ्यासारखं लाल झालं आणि गेलं. तुझ्या शर्टाला ओल्या लडीचा निळा रंग लागला होता, ते तुला दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर कळलं.

तू तिथंच दिव्याखाली वही उघडलीस. तारीख, जागा, आठ नोंदी, प्रत्येकीपुढं वेळ आणि कोन. खाली लिहिलंस, 'निरीक्षक', आणि तुझी सही. त्याच्याखाली 'साक्षीदार', आणि पेन माझ्यापुढं केलंस.

"अरे, मी सरकारी नोकर आहे," मी म्हणालो. "त्यात गोपनीय शाखेत. माझी सही अशी कुठंही करता येत नाही."

"कुठंही नाही. जे दिसलं त्याच्याखाली कर."

"उद्या करतो."

तू हसलास. तुला वाटलं उद्या म्हणजे उद्या. गल्लीतल्या चार जणांनीही सकाळी "आमीबी बघितलं की" म्हणून छाती पुढं काढली, आणि तू वही पुढं करताच एकेकाला एकेक काम आठवलं. त्यांना तू नावं ठेवलीस. मला कधी ठेवली नाहीस. ठेवली असतीस तर बरं झालं असतं, मीही भांडून मोकळा झालो असतो.

मग तू पत्र लिहिलंस. तू शिक्षक, त्यामुळं सगळं योग्य मार्गानं करायची तुझी खोड. पेपरात कुठंतरी वाचलं होतंस की हैद्राबादच्या बाजूला शास्त्रज्ञ मंडळी प्रचंड मोठे फुगे आकाशात सोडतात, आणि ते वारा नेईल तिकडं जातात. तुझा प्रश्न एवढाच होता. या दिवशी, या वेळी, या कोनात आम्हाला जे दिसलं, तो आपला फुगा होता काय? होय किंवा नाही कळवावे. सोबत नोंदींची नक्कल, आणि सोलापूरचा हातानं काढलेला नकाशा. त्यात तुझी गच्ची, तलाव, विमानतळ, आणि दिशा दाखवणारा लाल बाण.

आणि आठवी ब च्या वर्गात जाऊन सांगितलंस, "मुलांनो, आपण विचारलंय. उत्तर आलं की तुम्हाला सांगीन. फुगा निघाला तर फुगा म्हणून सांगीन. माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणून सांगीन." ती आठवी ब आता कॉलेजात गेली. तू दर वर्षी नव्या आठवी ब ला तेच सांगत राहिलास.

ते पत्र दिल्लीला जायचं तर आमच्या कचेरीतून जायचं, आणि आमच्या कचेरीत माझ्या टेबलावर आलं. आता तुझ्यापाशी पहिली कबुली देतो, व्यंकटेश. तुझ्या पत्रावर 'गोपनीय' हा शिक्का मी मारला. सरकारनं नाही, दिल्लीनं नाही, कुठल्या साहेबानं नाही. मी मारला, माझ्या या उजव्या हातानं.

का मारला ते ऐक. आमच्याकडं चहाच्या वेळेला आलेले अर्ज मोठ्यानं वाचायची पद्धत होती. शेजाऱ्यानं करणी केली म्हणून कोंबडा आरवत नाही, असा एक अर्ज आला होता, तो महिनाभर पुरला. तुझं पत्र हातात घेतलं आणि मला आधी तो आवाज ऐकू आला, आमच्या हेडक्लार्कचा, नाकातून काढलेला, तुझे अंश आणि कोन वाचताना. मग शाळेत बातमी गेली असती. तुझं हसं झालं असतं. गोपनीय कागद मात्र कुणी वाचत नाही. तो बंद कपाटात जातो आणि दुहेरी लिफाफ्यातून बाहेर पडतो. मी टिपणी लिहिली, 'अर्जासोबत नकाशा असून त्यात विमानतळाचा उल्लेख असल्याने', आणि साहेबांनी न वाचता सही ठोकली. मला वाटलं, आपण दोस्ताला झाकलं. त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत होतो.

एवढी वर्षं त्या शाखेत काढली, पण एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. गोपनीय कागदाला उत्तर देतात ते फक्त तो बघायचा अधिकार असलेल्या माणसाला. पत्र तुझं, अक्षर तुझं, नकाशा तुझा, आणि तो बघायचा अधिकार तुला नाही! तुझं स्मरणपत्र आलं की तेही त्याच फायलीत, म्हणून तेही गोपनीय. वरच्या ऑफिसात कागद गेला, त्यांनी शिक्का बघितला आणि त्यांना वाटलं, सोलापूरला नक्की काहीतरी ठाऊक आहे. त्यांनी गोपनीय पत्रानं विचारलं, आपणाकडे काय माहिती आहे. आम्ही गोपनीय पत्रानं कळवलं, काही नाही, तरी मार्गदर्शन व्हावे. फाईल फुगत गेली. शिक्का काढायचा तर तो ज्याच्या हुकुमानं मारला त्याच्याहून वरच्याची सही लागते, आणि नक्की कुणाच्या हुकुमानं मारला हे विचारायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून मी गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ उघडून कुणी बघितली असती तर आत तुझीच पत्रं निघाली असती.

आणि हसं व्हायचं थांबलं का? कुठलं! शाळेत पोरांनी उडत्या तबकडीवरून तुझं नाव 'तबकडी मास्तर' ठेवलंच. तुझा तर त्या शब्दावरच राग. "तबकडी म्हणू नका रे, अनोळखी वस्तू म्हणा. ओळख पटली नाही एवढंच आपल्याला ठाऊक आहे." हे तू इतक्या गंभीरपणे समजावून सांगायचास की पोरं आणखी चेकाळायची.

तलावाच्या कडेनं फिरताना आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, शुक्र असेल. तू म्हणायचास, "शुक्र अक्कलकोटला राहायला गेला काय रे?" मी म्हणायचो, सूर्याची तिरीप पडली असेल कशावर तरी. तू म्हणायचास, "कशावर, तेच तर विचारतोय." मी चिडायचो. खरं सांगू, माझं चिडणं खोटं होतं. तुझ्याशी वाद घालत राहिलं की तू साक्षीदाराचं काढायचा नाहीस, म्हणून मी वाद घालायचो.

एकदा तू थांबलास आणि म्हणालास, "दिगू, पाच स्मरणपत्रं झाली. साधं 'नाही' म्हणायला काय लागतं? एवढी अळीमिळी गुपचिळी चाललीय म्हणजे तिथं काहीतरी आहे."

"काही नसेल म्हणूनही लपवत असतील की."

"काही नसलेलं कोण लपवतं?"

मी पाण्याकडं बघत राहिलो. आम्ही लपवतो, व्यंकटेश. आमचं खातंच त्याचं आहे. ते तेव्हा ओठावर आलं होतं. पण तू लगेच म्हणालास, "मला फुगा चालेल. हे मौन चालत नाही," आणि पुढं चालायला लागलास. मी मागून आलो. वाटेत भेळ घेतली, भेळीचे पैसे कुणी द्यायचे यावर भांडलो, विषय मिटला.

मग आणीबाणी आली. तू पेपराकडं पाठवायला पत्र लिहिलंस. 'सरकार एका शिक्षकाच्या प्रश्नाला का घाबरते?' असा मथळा, आणि तोही अधोरेखित. मी वाचलं. आमच्या कचेरीत त्या दिवसांत माणसं भिंतीशीसुद्धा हळू बोलायची. मी ते पत्र तुझ्या हातातून घेतलं आणि खिशात घातलं.

"दे इकडं."

"देत नाही. पोरंबाळं आहेत तुला."

"तू माझा मित्र आहेस का सरकारचा?"

मी म्हणालो, "पगार सरकार देतं." वाईट बोललो. बोलल्याबरोबर कळलं वाईट बोललो. महिनाभर तू माझ्याशी बोलला नाहीस. मी संध्याकाळी सवयीनं सायकल तुझ्या गल्लीपर्यंत आणायचो आणि तिथून वळायचो. शेवटी एके दिवशी तूच कचेरीच्या फाटकात उभा दिसलास, हातात वहिनींनी बांधून दिलेली चटणी. "आठवी ब विचारत होती, उत्तर आलं का," म्हणालास, "मी सांगितलं, टपालखातं अजून चालू आहे." झालं. एवढ्यावर अबोला संपला. असा माणूस पुन्हा कुठून आणू मी?

ते पत्र अजून माझ्याकडं आहे. खिशातून काढून कपड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. मथळा खरंच चांगला होता, त्या वेळी सांगायला हवं होतं.

गेल्या महिन्यात तुला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग डॉक्टर, मग दवाखाना, सगळं उशिरा. मी रोज संध्याकाळी यायचो. तू खाटेवर पडल्या पडल्या थट्टा करायचास. "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. आता माझी साक्ष कुणी धरणार नाही. डोळे चांगले असलेला तूच उरलास." मी हसलो. तू हसला नाहीस.

"दिगू, फायलीत काय आहे ते मी विचारत नाही. तुझी नोकरी आहे. तू काय बघितलंस, तेवढं सांग."

काय अवघड होतं त्यात? दोन वाक्यं होती. खोलीत वहिनींशिवाय कुणी नव्हतं. तिथं ना साहेब होता, ना शिक्का. पण पाच वर्षं न बोललेली गोष्ट एकदम बोलता येत नाही रे, जीभ वळत नाही. मी म्हणालो, "आधी बरा हो. मग सांगतो."

"बरं," म्हणालास आणि कूस बदललीस. चौथ्या दिवशी तू गेलास.

लोक म्हणतात माणूस गेल्यावर त्याचा चेहरा डोळ्यांपुढं राहतो. माझ्या डोळ्यांपुढं तुझी पाठ राहिलीय, त्या दिवशीची.

बाराव्या दिवशी वहिनींनी मला आत बोलावलं. त्यांच्या हातात ते लाकडी कोनमापक होतं, अजून दोरा आणि कांडी लोंबणारं, आणि ती वही. "अन्ना, हे तुमच्याकडं राहू द्या. आमच्यात कुणाला काय कळतंय त्यातलं." मी वही उघडली. पाच वर्षांत पानं पिवळी झाली होती. 'साक्षीदार' या शब्दापुढची जागा कोरी. वहिनींनी बघितलं मी कुठं बघतोय ते.

"मी एकदा म्हटलं त्यांना, तिथं दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या की. तर म्हणाले, नको, दिगू करेल. त्याला जरा वेळ लागतो."

मी तिथंच रडलो, व्यंकटेश. मागाच्या शेजारी उभा राहून, चाळीस वर्षांचा बाप्या. वहिनींनाच माझी समजूत घालावी लागली.

आता आजचं पत्र. वर कुणीतरी नवा अधिकारी आलेला दिसतो. त्यानं जुन्या फायली उघडल्या, आणि नशीब बघ, तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. अख्ख्या सरकारात तुझं पत्र मनापासून पुरं वाचणारा तोच पहिला. त्यानं फुगेवाल्यांकडं विचारणा केली. त्यांनी कळवलं की होय, त्या दिवशी आमचा एक फुगा त्या बाजूला गेला होता. पण अर्जदारानं लिहिलेल्या शेवटच्या वेळेच्या काही मिनिटं आधीच तो खाली उतरवण्यात आला होता. सबब अर्जदारास दिसलेली वस्तू आमचा फुगा असू शकत नाही. मग त्या अधिकाऱ्यानं खाली दोन प्रश्न विचारलेत. अर्जदाराने वेळ कोणत्या घड्याळावरून घेतली? आणि निरीक्षणाच्या वेळी दुसरे कोणी उपस्थित असल्यास त्याचा लेखी जबाब मिळू शकेल काय?

मी ते तीनदा वाचलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं.

ही दुसरी कबुली. आमच्या कचेरीत साडेदहाला हजेरीपट साहेबांकडं जातो. त्यानंतर येणाऱ्याच्या नावापुढं लाल रेघ. नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात मला एक रेघ बसली, आणि त्या दिवसापासून मी घड्याळ सात मिनिटं पुढं ठेवतो. घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं कुणी कधी बोलत नाही. मीही मनातल्या मनात सात वजा करतो आणि चालतो. पण त्या संध्याकाळी तू "घड्याळ काढ" म्हणालास आणि मी बघितलं ते तसंच ओरडलो. सात वजा करायचं राहिलं. ते पांढरं समोर दिसत असताना कुणाला वजाबाकी सुचते? दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. म्हटलं सांगू. पण सांगायचं म्हणजे तिथं होतो हे कबूल करायचं, आणि मग सहीही करायची. म्हटलं, सात मिनिटांनी काय बिघडतंय.

त्या सात मिनिटांनी फुग्याची तबकडी केली रे. निदान मला तसं वाटतं. फरक किती मिनिटांचा ते त्यांनी लिहिलेलं नाही, पण मला वाटतं मला ठाऊक आहे. तू अर्ध्या अंशापर्यंत कोन मोजलास. लाकडाच्या कोनमापकानं आणि कांडीनं मोजलास, आणि त्यातला एकही कोन त्यांनी खोडलेला नाही. चुकलं ते माझ्याकडून घेतलेलं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. हे नवे साहेब, पुण्याचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी फाईल चाळली. "अर्जदार वारले ना? मग दोन ओळी टाका. अर्जदार मयत, सबब प्रकरण बंद. सही करतो."

आणि ती टिपणी मला झोपेतही लिहिता येते. हात आपोआप तिकडं गेलाही. पण म्हणालो, "साहेब, साक्षीदार हयात आहे."

"कोण?"

"मी."

साहेबांनी फाईल खाली ठेवली. "तुम्ही? आणि ही फाईल पाच वर्षं तुमच्याच कपाटात?"

"होय."

"मग बोलला का नाहीत?"

"सरकारनं मला विचारलं नाही, साहेब. ज्यानं विचारलं त्याला मी सांगितलं नाही."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "तुम्हाला खुलासा द्यावा लागेल. शिक्क्याचाही. आणि हेडक्लार्कच्या बढतीची यादी पुढच्या महिन्यात निघतेय, ते तुम्हाला ठाऊक असेलच."

"ठाऊक आहे."

"अजूनही दोन ओळी टाकता येतील."

"नको साहेब. त्याला फार वेळ थांबवलं."

माझं नाव यादीत येणार नाही, हे तुला सांगून ठेवतो. तू असतास तर म्हणाला असतास, "बरं झालं, नाकातून बोलायला शिकावं लागलं असतं." घरी सांगितलं तर ही म्हणाली, "पाच वर्षांपूर्वीच केलं असतं तर?" बरोबर आहे तिचं. 

जबाब लिहून झाला. साध्या कागदावर लिहिला. मी त्या संध्याकाळी गच्चीवर होतो. मिनिटं मी मोजली. घड्याळ माझं होतं आणि ते सात मिनिटं पुढं होतं. प्रत्येक वेळेतून सात मिनिटं वजा करावीत. कोन अर्जदाराने मोजले, त्यात माझ्यासमोर कोणतीही चूक झालेली नाही. खाली सही केली. मग तुझी वही काढली आणि त्या कोऱ्या जागेतही केली, आणि पुढं आजची तारीख घातली, मागची नाही. नवीन शाई त्या जुन्या पानावर जरा फुटलीय. शिक्का ड्रॉवरमध्येच राहिला. जबाब एका साध्या लिफाफ्यात घालून मी तो साहेबांच्या टेबलावर उघडाच ठेवला, कुणीही वाचावा. चहाच्या वेळेला वाचला तरी चालेल.

संध्याकाळी तुझं कोनमापक घेऊन तुझ्या शाळेत गेलो होतो. हेडमास्तरांना म्हणालो, आठवी ब चा एक तास द्या. ते आधी का-कू करत होते, मग कोनमापकाकडं बघून हो म्हणाले. सोमवारी तिसरा तास. दिल्लीहून शेवटचं उत्तर यायला आणखी किती वर्षं लागतील देव जाणे, मी त्याची वाट बघणार नाही. पोरांना कोनमापक दाखवीन. सांगीन की बहुतेक फुगा होता, तुमच्या मास्तरांना फुगा चालला असता. त्यांचे कोन बरोबर होते. वेळ मी चुकीची सांगितली.

आणि त्याआधी तुला सांगतो, कारण तू आधी विचारलं होतंस. पांढरं होतं, व्यंकटेश. उलटा धरलेला तांब्या असावा तसं. अक्कलकोटच्या बाजूला, उंच, पस्तीस मिनिटं, शेवटी लाल होऊन गेलं. तू बघितलंस तेच मी बघितलं.